बोलिव्हियाची चौकशी

माझ्या सासऱ्यांनी ज्याच्यावर कधीच संशय घेतला नाही अशी वस्तू, व्यक्ती किंवा संस्था या पृथ्वीच्या पाठीवर सापडणार नाही. हे मी जावई म्हणून कुरकुरत नाही, जवळचा साक्षीदार म्हणून सांगतोय. नोकरीची सगळी वर्षं ते पुण्याला जकात नाक्यावर होते. ट्रकवाला ‘गहू आहे’ म्हणाला की पोत्यांच्या खाली काय आहे ते बघायचं, याचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्तीनंतर पगार थांबला, बघणं थांबलं नाही. कलिंगडवाल्याने कलिंगड गोड असल्याचं आपणहून सांगितलं तर ते पुढच्या गाडीकडे वळत, कारण ‘मी विचारलं नव्हतं, मग हा का सांगतोय?’ डॉक्टरांनी तब्येत उत्तम आहे म्हटलं की ते दुसरा डॉक्टर गाठत. वेधशाळेने पाऊस नाही म्हटलं तरी ते छत्री घेऊन निघत आणि पाऊस आहे म्हटलं तरी घेऊन निघत, फक्त दुसऱ्या खेपेला ‘आज हे खरं का बोलतायत?’ हा विचार त्यांना दिवसभर छळत असे.

माझं स्थळ त्यांना सांगून आलं तेव्हा त्यांनी माझी केलेली चौकशी आमच्या कॉलनीत अजून आठवणीने सांगितली जाते. मुलाचं शिक्षण, पगार वगैरे सगळेच विचारतात. हे आमच्या इस्त्रीवाल्याकडे जाऊन बसले आणि मी आठवड्याला किती शर्ट टाकतो, त्यांच्या खिशात काय काय निघतं, कॉलर कितपत मळलेली असते हे विचारून आले. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. तिथे आमच्या घरात सर्दीच्या गोळ्या वाजवीपेक्षा जास्त जातात असं कळलं, म्हणून लग्न लांबलं. शेवटी सासूबाईंनी ‘सर्दी सगळ्यांना होते, मी हो कळवतेय’ असं सांगून टाकलं. त्या घरात संशय घ्यायचं काम त्यांचं आणि तो संपवायचं काम सासूबाईंचं, अशी वाटणीच होती. सासूबाई पुढे वारल्या, आणि संशय संपवणारं त्या घरात कोणी उरलं नाही.

ते आमच्याकडे मेलबर्नला आले ते महामारीच्या जेमतेम आधी, सहा महिन्यांसाठी. विमानतळावर लोक डब्यातलं लोणचं लपवायच्या काळजीत असतात. यांनी अधिकाऱ्याने विचारायच्या आत दोन्ही बॅगा स्वतः उघडल्या आणि मेतकूट, गोडा मसाला, भाजणी ओळीने मांडून ठेवली. ती तरुण पोरगी सगळं बघून हसत म्हणाली, “नो वरीज, यू आर गुड टु गो.” हे जागचे हलेनात. म्हणाले, “तुम्ही वास घेतला नाहीत.” तिने मेतकुटाचा वास घेतला तेव्हाच ते बाहेर आले, आणि गाडीत बसल्यावर मला म्हणाले, “देश बरा दिसतोय, पण ढिलाई आहे.”

मग सीमा बंद झाल्या, विमानं थांबली आणि सासरे मेलबर्नच्या टोकाला ट्रुगानिना नावाच्या उपनगरातल्या आमच्या घरात अडकले. घरी मी, माझी बायको मंजिरी, आमची चौथीतली मुलगी अन्वी आणि माझी मेहुणी सई. सई इथेच शिकली आणि जवळच वेरिबीला एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. लॉकडाऊन लागला. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा नियम आला तेव्हा सासऱ्यांनी ‘घरापासून म्हणजे फाटकापासून की स्वयंपाकघरापासून?’ असा प्रश्न काढला आणि दोन दिवस चालवला. आमच्या वस्तीतली सगळी घरं एकाच साच्यातली, नवीकोरी. त्यांना तीही खटकत. “एवढी सारखी कशी? कुणाला काय लपवायचंय?”

अशा दिवसांत सईने एका सकाळी चहा पिताना सांगून टाकलं, की तिला लग्न करायचंय. मुलाचं नाव गोन्सालो. युनिव्हर्सिटीत ओळख झाली, आता इथेच कायमचा झालाय, आमच्याच भागातल्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमधली यंत्रं सांभाळतो. आणि तो बोलिव्हियाचा आहे.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत, तो त्यांचा स्वभावच नाही. त्यांनी फक्त विचारलं, “बोलिव्हियात आपलं कोण आहे?”

त्यांची अडचण कुणीच समजून घेतली नाही. मुलगा परदेशी आहे, वेगळ्या धर्माचा आहे, याला त्यांचा काही आक्षेप नव्हता. आक्षेप इतकाच, की चौकशी करायची कुठे? ला पाझ नावाच्या गावात कोणता इस्त्रीवाला गाठायचा? सिडनीला वेंटवर्थव्हिलमध्ये त्यांचा भाचा राहतो, त्याला फोन करून झाला. तो म्हणाला, “मामा, आमच्या रस्त्यावर सगळे तमिळ आणि गुजराती. बोलिव्हियाचं कोणी नाही.” मामांनी फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाले, “बघा, कोणी सांगायला तयार नाही.” मुलाची चौकशी शक्य नाही म्हटल्यावर त्यांनी आख्ख्या देशाचीच चौकशी करायची ठरवली.

योगायोगाने अन्वीची शाळा तेव्हा लॅपटॉपवर चालायची आणि वर्गात दक्षिण अमेरिका चालू होती. एक देश निवडा आणि त्याचा भूगोल, लोक आणि सरकार यांची माहिती सांगा, असा प्रकल्प होता. मावशीच्या मित्राचा देश म्हणून तिने बोलिव्हिया घेतला आणि आजोबांना मदतीला बोलावलं. त्या पोरीला काय कल्पना? आठवडाभर आजोबा तिच्या शेजारी चष्मा लावून बसत आणि वाचलेलं एकेक आमच्यापुढे पुरावा म्हणून आणत. भूगोल वाचून झाल्यावर जेवताना म्हणाले, “अर्धा देश ढगात आणि अर्धा जंगलात. विमानतळावर उतरलं की माणसाला धाप लागते म्हणे. इतक्या उंचावर कुकरशिवाय डाळ शिजत नाही. अशा ठिकाणी मुलगी द्यायची?”

“बाबा, आम्ही इथे राहणार आहोत. ट्रुगानिनात,” सई म्हणाली.

“आज म्हणतोय तो.”

लोक वाचून झाले तेव्हा त्यांना तीसच्या वर सरकारी भाषांनी घेरलं. “अर्ज केला तर हे कोणत्या भाषेत नाकारतील, हे कसं कळायचं?” पण खरी मेजवानी सरकारच्या प्रकरणात निघाली. बोलिव्हियाला दोन राजधान्या आहेत. एक कागदावरची आणि एक सरकार बसतं ती. सासरे हळू आवाजात म्हणाले, “दोन घरं ठेवणाऱ्या माणसाकडे आपण कोणत्या नजरेने बघतो?” पुढे कळलं की त्या देशाला समुद्रच नाही. होता, तो फार पूर्वी लढाईत गेला. तरीही त्यांचं आरमार आहे. ते एका तळ्यात ठेवलंय. “समुद्र गेला आणि आरमार ठेवलं. दुकान विकलं आणि शटर ठेवलं असं कोणी करतं का? काहीतरी आहे.” राष्ट्राध्यक्ष आदल्याच वर्षी देश सोडून निघून गेलेले, निवडणूक पुढे पुढे ढकललेली, आणि संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ उलटं फिरणारं. हे शेवटचं त्यांनी अन्वीला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. अन्वीने वर्गापुढे प्रकल्प सादर केला तेव्हा चित्रं तिची होती, पण मजकूर सगळा आजोबांचा. शेवटी तिने बाईंनाच विचारलं, “व्हाय डझ अ कंट्री विथ नो सी नीड अ नेव्ही? माय आजोबा वॉन्ट्स टु नो हू इज पेइंग.” बाईंनी ‘व्हेरी इंटरेस्टिंग’ म्हणून पुढच्या मुलाला बोलावलं. कॅमेऱ्याच्या मागे उभे असलेले सासरे म्हणाले, “टाळलं त्यांनी.”

गोन्सालो राहायला फुट्सक्रेला, म्हणजे पाच किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे. पण सरकारी नियमांत एक पळवाट होती. ज्याच्याशी प्रेमाचं नातं आहे त्याला भेटायला नियमाच्या बाहेर जाऊनही येता येई. सईने हे सांगितलं तेव्हा सासऱ्यांना पहिल्यांदा खरा धक्का बसला. “म्हणजे बापाने मान्यता द्यायच्या आधी सरकारने दिली? सरकारने कुणाला विचारलं?” तरी गोन्सालो आला. सावळा, बुटका, गोल चेहऱ्याचा, नाकावर मास्क. आमच्या इथल्या वाण्याकडे लोक त्याच्याशी थेट हिंदीत बोलतात, इतका तो आपल्यातला दिसतो. त्याने दोन्ही हात जोडून “नमस्ते अंकल” म्हटलं आणि सासऱ्यांचे डोळे बारीक झाले.

संध्याकाळी मला गॅरेजमध्ये नेऊन ते म्हणाले, “अहो, हा मुलगा बोलिव्हियाचा नाही. नाव गोन्सालो, चेहरा असा. हा वसईचा आहे, नाहीतर गोव्याचा. वसईला माझा मावसभाऊ राहतो, तिथे एका दिवसात चौकशी झाली असती. म्हणून बोलिव्हिया सांगतोय.” मी हसलो ते त्यांना आवडलं नाही. पुढच्या खेपेला गोन्सालो सोफ्यावर बसून चहा पीत असताना ते गुपचूप त्याच्या मागे गेले आणि जोरात ओरडले, “पाठीवर पाल!” मी उडी मारली, चहा सांडला, मंजिरी किंचाळली. गोन्सालो शांतपणे बशीतली चकली खात होता. सासरे निराश झाले. तेव्हापासून तो निदान वसईचा नाही इतकं त्यांनी मान्य केलं.

उलट्या घड्याळाबद्दल गोन्सालोने स्वतःच त्यांना समजावलं. दक्षिण गोलार्धात उन्हात काठी रोवली तर सावली उलट्या दिशेने फिरते, म्हणून आमचं घड्याळ तसं. सासऱ्यांनी मान हलवली आणि ऊन पडलेल्या पहिल्या दिवशी आमच्या मागच्या अंगणात पडद्याचा दांडा रोवून समोर खुर्ची टाकून बसले. दुपारी आत आले ते गंभीर होऊन. “खरं बोलला तो. सावली उलटीच जाते.” सईचा चेहरा उजळला. तेवढ्यात ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, “पण मग हे ऑस्ट्रेलियावाले का सरळ फिरवतात?”

हे सगळं मी हसत लिहितोय, पण सई तेव्हा हसत नव्हती. एकदा मला भांडी पुसताना म्हणाली, “जिजू, ताईच्या वेळी आई होती. आई हो म्हणायची, मग बाबा हो म्हणायचे. माझ्या वेळी बाबांना कोण थांबवणार?” रजिस्टर लग्न तिला कधीही करता आलं असतं. पण बाबा हो म्हणाल्याशिवाय आपण सही करणार नाही, असं तिने गोन्सालोला सांगून ठेवलं होतं, आणि तो भला माणूस वाट बघत होता.

शेवटी गोन्सालोनेच सुचवलं, की माझ्या वडिलांशी बोला. वडील ला पाझला बेकरी चालवत. एका रविवारी सकाळी फोन लागला, तिथे अजून शनिवारची संध्याकाळ होती, आणि हे कळल्यावर सासरे मला म्हणाले, “आपल्याला आजचं माहीत आहे, त्यांना नाही. सांभाळून बोला.” पडद्यावर डोक्याला टोपी घातलेला, मिशीला पीठ लागलेला एक सुकलेला गृहस्थ आला. भुवया आवळलेल्या. त्याने नमस्कार चमत्कार न करता एक लांबलचक वाक्य म्हटलं.

“काय म्हणतायत?” सासऱ्यांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

“नथिंग, अंकल. ही सेज हॅलो.”

“एवढं मोठं हॅलो नसतं. सांग.”

गोन्सालोने सांगितलं. वडिलांचं म्हणणं असं, की मुलीचा बाप इतके महिने लग्न लांबवतोय, त्याअर्थी मुलीत काहीतरी खोट असणार, ती काय ते आधी सांगा. सई लालबुंद झाली. गृहस्थांनी आणखी सांगितलं, की त्यांनीही भारताची चौकशी केली आहे. त्यांच्या गल्लीतली एक बाई भारतात कुठल्याशा आश्रमात जाऊन आली होती, तिची बॅग तिकडे चोरीला गेली.

सासरे पुढे सरकले. “विचार त्यांना, बॅगेला कुलूप होतं का?”

गोन्सालोने विचारलं. पलीकडचे गृहस्थ पहिल्यांदा टोपी काढून हसले. गोन्सालो म्हणाला, “ही सेज, ही आस्क्ड द लेडी द सेम थिंग. नो लॉक.”

सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. “मग बाईंचीच चूक!” आणि मला म्हणाले, “माणूस सावध आहे हो.” आमच्या घरात ही पदवी सासूबाईंनाही मिळाली नव्हती.

त्यानंतर दर रविवारी ते दोघे बोलत. गोन्सालो मधे बसून घाम पुसत दुभाष्याचं काम करी. बेकरीवाल्यांचा त्यांच्या सरकारवर विश्वास नव्हता, पीठ देणाऱ्यावर नव्हता, आणि गावावरून तारेला लटकत जाणाऱ्या पाळण्यांवर तर मुळीच नव्हता. ते अजून पायीच चढत. सासऱ्यांनी त्यांना इथला पाव पडद्यासमोर धरून दाखवला आणि हा आठवडाभर ठेवला तरी बुरशी येत नाही, असं सांगितलं. दोघांनी त्या पावाकडे बराच वेळ एकाच नजरेने पाहिलं. समुद्र गेलेल्या देशाने आरमार का ठेवलंय, हेही सासऱ्यांनी विचारून घेतलं. बेकरीवाले म्हणाले, की गेलेल्या माणसाची खोली कोणी लगेच भाड्याने देतं का? सासऱ्यांनी आरमाराची चौकशी तिथेच बंद केली. पुण्याच्या घरात सासूबाईंचं कपाट अजून तसंच आहे, हे मला माहीत आहे.

इतकं जमूनही ‘हो’ काही येईना. सईने विचारलं की म्हणत, “सीमा उघडू देत. मी स्वतः तिथे जाऊन त्यांचं घर बघतो, मग सांगतो.” बोलताना मात्र ते बेकरीवाल्यांना कायम ‘तो बोलिव्हियाचा पाववाला’ म्हणत. एक वर्ष गेलं, व्हिसा वाढला, लॉकडाऊन उठले आणि पुन्हा लागले, सीमा काही उघडल्या नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी फोन लागला नाही. बेकरीवाल्यांना कोविड झाला होता. तिकडे दवाखान्यांत जागा नव्हती, ऑक्सिजनसाठी लोक सिलिंडर घेऊन रांगा लावत होते. सासऱ्यांनी रोज विचारायला सुरुवात केली, “कोणता दवाखाना? डॉक्टर कोण? सिलिंडर भरलेला होता हे कोणी बघितलं का?” गोन्सालोला उत्तरं माहीत नसायची. आठवड्याच्या आतच ते गेले. जायची परवानगी, परतायची परवानगी आणि विमान हे तिन्ही जुळेपर्यंत तिकडे सगळं उरकलेलं होतं.

गोन्सालो आमच्याकडे आला आणि मागच्या अंगणात जाऊन बसला. आम्ही एकेक जण जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून आलो. त्याच्या कामावरचे लोक फोनवर ‘सॉरी फॉर युवर लॉस, मेट’ म्हणत, तो ‘थँक यू’ म्हणे आणि फोन संपे. मग सासरे खुर्ची ओढत बाहेर गेले, त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, “युवर फादर, मॉर्निंग, व्हॉट टाइम गेट अप?”

मला वाटलं, आता यांना आवरायला हवं. मी दारापर्यंत गेलोही. पण गोन्सालो उत्तर देत होता. वडील पहाटे किती वाजता उठत, भट्टी कोण पेटवी, पहिला पाव कोणाला देत, चढावर कुठे दम खायला थांबत, चिडले की काय म्हणत, गुडघा कोणता दुखे. सासरे विचारत गेले. मोडकं इंग्रजी संपलं की हातांनी विचारत. एका उत्तरावर त्यांना शंका आली, तीही त्यांनी सोडली नाही. “पायीच चढायचे म्हणतोस, मग भट्टीची लाकडं वर कोण नेई?” आणि त्यावर गोन्सालोला हसू आलं. वडील ती शेजाऱ्याच्या गाढवावरून चोरून नेत, हे त्याने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. मग तो रडला. सासरे थांबले, त्याला पाणी दिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. दुपार अशी गेली.

संध्याकाळी पुण्याहून सासऱ्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. सासरे नेहमीप्रमाणे फोन स्पीकरवर ठेवून बोलत होते. मंजिरी आणि सई स्वयंपाकघरात होत्या, मी जवळच उभा होतो. भाऊ म्हणाला, “दादा, आवाज असा का? काय झालं?”

सासरे म्हणाले, “आमचे व्याही गेले रे.”

सईच्या हातातलं लाटणं थांबलं. मंजिरीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

पलीकडून भाऊ गडबडला. “व्याही? कोणते व्याही? सईचं ठरलं? दादा, कुठले लोक? काय करतात? तू नीट चौकशी केलीस ना?”

“ला पाझचे. बेकरी होती,” सासरे म्हणाले. “आणि एवढे प्रश्न कशाला विचारतोस? फार चांगला माणूस होता. मी सांगतोय ना.”